पेटी हाच पत्ता

मुंबईत धोबीतलावला जिन्याखाली वडिलांचं दुकान होतं. पत्र्याच्या पेट्यांच्या कड्या, कुलपं, बिजागऱ्या दुरुस्त करायच्या. सामान आणायला मला नागदेवी स्ट्रीटवर पिटाळत, आणि झालेली पेटी पोचवायला कुडात. म्हणून कूड मला आतून पाहायला मिळाले.

आपल्याकडे कूड म्हणजे काटक्यांची भिंत. कोंकणीत कूड म्हणजे खोली. मुंबईत मात्र त्याचा अर्थ झाला एका गावच्या गोंयकारांची सामायिक जागा. गोव्यात पोर्तुगीज राजवटीत पोटापाण्याची सोय नव्हती, तेव्हा माणसं इकडे आली. कोणी आचारी, कोणी बटलर, कोणी बँडवाला, बरेचसे बोटीवर. १८६९ साली क्रॉफर्ड मार्केट उभं राहिलं, तेही चालत दहा मिनिटांवर. खलाशी गावी निघाला की पेटीतली उरलीसुरली जागा तिथल्याच खरेदीने भरायची. झाकण बसेना, कडी तुटे, आणि आमची चूल पेटे.

कुडात खाटा जवळपास नसायच्याच. भिंतीलगत पेट्यांची चळत, कोपऱ्यात गावच्या सायबाची, म्हणजे गावच्या संताची, वेदी. रात्री तेर्साला, म्हणजे जपमाळेच्या प्रार्थनेला, सगळ्यांनी हजर राहायचं. बाईमाणसाला आत मज्जाव, दारूला त्याहून कडक. माणूस वर्षभर समुद्रावर असला तरी त्याची पेटी जागा धरून असे. पेटी हाच पत्ता.

ही वस्ती नुसती बोटीची वाट बघत बसली नाही. तियात्र, म्हणजे कोंकणी रंगभूमी, गोव्यात नव्हे, मुंबईत जन्मलं. लुकाझिन रिबेरो यांचं ‘इटालियन भुरगो’ इथे १७ एप्रिल १८९२ रोजी रंगलं.

१९५५ साली भारत आणि पोर्तुगीज गोवा यांना जोडणारी रेल्वे तुटली. वडील सांगत, त्या वर्षांत दुरुस्त झालेल्या पेट्या दुकानातच पडून राहायच्या. मालक मुंबईत, घर हद्दीपलीकडे. पेटी न्यायची कुठे? १९६१ला गोवा मुक्त झाला, वाट मोकळी झाली. पुढे आखाताने तरुण पोरं ओढून नेली आणि कूड रिकामे होत गेले.

अजून काही तग धरून आहेत. क्रूझच्या नोकरीच्या कागदपत्रांसाठी आलेली मुलं चार दिवस उतरतात. परवा एकाने जिन्यात बॅग टेकवली. तिला चाकं होती आणि आकड्यांचं कुलूप. मी सवयीने वाकून पाहिलं. त्यात दुरुस्त करण्यासारखं काही नव्हतं.