वादळात झाड पडलंय, कटर हातात घेताय? पेट्रोल चेनसॉ चालवण्याआधी हे समजून घ्या

16 मे 2021 रोजी तौक्ते चक्रीवादळ सिंधुदुर्गच्या किनाऱ्याजवळून उत्तरेकडे सरकलं. मालवण तालुक्यात माड, आंबे, फणस आडवे झाले, विजेचे खांब पडले, रस्ते बंद झाले. तारकर्ली-देवबागची किनारपट्टी म्हणजे एका बाजूला कर्ली नदी आणि दुसऱ्या बाजूला समुद्र यांमधली चिंचोळी जमीन. इथला रस्ता एका झाडाने अडला, तर पलीकडची वस्ती अडकते. अशा वेळी सगळ्यात आधी शोध सुरू होतो तो पेट्रोलवर चालणाऱ्या चेनसॉचा. अनेक जण त्याला नुसतं ‘कटर’ म्हणतात.

आता हे यंत्र ऑनलाइनही सहज मिळतं. पण ते चालवायला शिकवणारं कोणी त्या खोक्यातून येत नाही.

किकबॅक म्हणजे काय?

चेनसॉमध्ये छोटं टू-स्ट्रोक इंजिन असतं. ते लांब पट्टीभोवती दातेरी साखळी फिरवतं. पूर्ण रेसवर ही साखळी सेकंदाला साधारण 20 मीटर वेगाने धावते.

पट्टीच्या टोकाचा वरचा भाग लाकडाला लागला की साखळी क्षणभर अडकते आणि अख्खं यंत्र उसळून चालवणाऱ्याच्या तोंडाकडे, मानेकडे येतं. यालाच किकबॅक म्हणतात. हे इतक्या झटक्यात होतं की माणसाला हात मागे घ्यायलाही वेळ मिळत नाही. म्हणून काळजी आधीच घ्यावी लागते:

- दोन्ही हातांनी धरा. डाव्या हाताचा अंगठा पुढच्या मुठीखालून गुंडाळलेला हवा.
- पट्टीच्या टोकाने कापू नका.
- खांद्याच्या वर उचलून किंवा शिडीवर उभं राहून कापू नका.
- पुढच्या मुठीसमोरचा चेन ब्रेक रोज तपासा. तो पुढे ढकलल्यावर साखळी लगेच थांबली नाही, तर यंत्र वापरू नका.

अंगावर काय हवं?

लुंगी, गमछा आणि चपला घालून चेनसॉ चालवणं हा धोका आहे. सैल कपडा साखळीत ओढला जातो. जाळीचं हेल्मेट, चष्मा, हातमोजे आणि जाड बूट हवेत. मांड्यांवर बांधायचे खास संरक्षक कपडेही मिळतात. त्यातले लांब धागे साखळीत गुंततात आणि ती थांबवतात. कानांसाठीही संरक्षण लागतंच, कारण आवाज 100 डेसिबलच्या वर जातो आणि रोज तासन्‌तास 85 डेसिबल ऐकलं तरी कानांना इजा होऊ शकते.

सुरू कसा करायचा?

यंत्र सपाट जमिनीवर ठेवा आणि चेन ब्रेक लावा. डाव्या हाताने पुढची मूठ दाबून धरा, उजव्या पायाचा बूट मागच्या मुठीत रोवा आणि मग दोरी ओढा. यंत्र हवेत लोंबकळत ठेवून दोरी ओढायची सवय अनेकांना असते. ती सोडा.

पडलेलं झाड उभ्या झाडापेक्षा सोपं असतं का?

नाही. पडलेल्या झाडात ताण साठलेला असतो. फांदी वाकून दबलेली असेल, तर कापताच ती उसळून लागते.

खोड दोन्ही टोकांना टेकलेलं आणि मध्ये अधांतरी असेल, तर आधी वरून एक तृतीयांश कापा, मग खालून. एकाच बाजूला टेकलं असेल, तर उलट: आधी खालून, मग वरून. क्रम चुकला की पट्टी चिमटीत अडकते.

मुळांसकट उपटलेल्या झाडाचं खोड कापल्यावर मुळांचा गड्डा पुन्हा खड्ड्यात आपटू शकतो. तिथे कोणालाही, खास करून मुलांना, उभं राहू देऊ नका. झाडाला विजेची तार लागलेली असेल, तर गावात लाइट गेलेली असली तरी हात लावू नका. 1912 वर महावितरणला कळवा.

माडाची गोष्ट आणखी वेगळी. त्याचं खोड बाहेरून कडक, आत मऊ आणि सगळं तंतूंचं असतं. उभा माड पाडताना तो इतर झाडांसारखा ठरवलेल्या बाजूलाच पडेल याचा भरवसा नसतो. तंतू साखळीच्या चक्रातही अडकतात. घरावर किंवा कौलांवर झुकलेला माड अनुभवी माणसावरच सोपवा.

पेट्रोल आणि ऑइलचं गणित

टू-स्ट्रोक इंजिनात नुसतं पेट्रोल घातलं, तर इंजिन जाम होतं. प्रमाण मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं. 50:1 असेल तर 5 लिटर पेट्रोलला 100 मिली टू-टी ऑइल, 25:1 असेल तर 200 मिली.

पेट्रोलमधलं इथेनॉल हवेतला ओलावा ओढतं आणि किनाऱ्यावर ओलावा भरपूर. म्हणून महिनाभरात संपेल एवढंच मिश्रण करा. गरम इंजिनात पेट्रोल ओतू नका. भरल्यावर त्या जागेपासून किमान 3 मीटर दूर जाऊन सुरू करा.

साखळीच्या ऑइलची टाकी वेगळी असते. पेट्रोल भराल तेव्हा तीही भरा. गाडीतून काढलेलं जळकं ऑइल त्यात घालू नका.

देखभाल

- ताण: थंड साखळी पट्टीला खालूनही टेकलेली हवी आणि हाताने सहज फिरायला हवी. हे तपासताना इंजिन बंद ठेवा आणि हातमोजे घाला.
- धार: चांगल्या धारेच्या साखळीतून लाकडाचे कपटे पडतात. पिठासारखा भुसा पडला की कानस लावायची वेळ झाली. वाळूत लोळलेल्या खोडावर धार फार लवकर जाते, म्हणून कापायच्या जागची वाळू आधी झाडून घ्या. बोथट साखळी जोर लावायला भाग पाडते आणि अपघात तिथेच होतात.
- एअर फिल्टर: रोज काम संपल्यावर साफ करा.
- साठवण: बरेच दिवस वापरायचा नसेल, तर टाकी रिकामी करा आणि इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा. खाऱ्या हवेत गंज लवकर चढतो, त्यामुळे साखळीला ऑइल लावून ठेवा.

रेस सोडल्यावरही साखळी फिरत राहिली, तर काम थांबवा आणि मेकॅनिककडे न्या.

परवानगी लागते का?

आपल्याच वाडीतलं झाड असलं तरी लागू शकते. महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम, 1964 च्या यादीत आंबा, फणस, जांभूळ, खैर अशी झाडं आहेत. उभं झाड तोडण्याआधी वन विभागाकडे चौकशी करा. वादळात पडलेल्या झाडाचे फोटो काढून ठेवा आणि तलाठ्याला कळवा. पंचनाम्याच्या वेळी ते उपयोगी पडतात.

जखम झालीच तर?

स्वच्छ कापडाने जखमेवर जोरात दाब द्या आणि 108 ला फोन करा. कापड भिजलं तर ते काढू नका, त्यावरच दुसरं ठेवा. यासाठी कापताना हाकेच्या अंतरावर दुसरा माणूस हवाच. मात्र त्याने चालणाऱ्या कटरच्या जवळ येऊ नये. एकट्याने चेनसॉ चालवू नका, रस्ता कितीही तातडीने मोकळा करायचा असला तरी.