बचावाची बोट ट्रेलरवर तिरकी का बसते?

वाशिम जिल्ह्यात समुद्र नाही, पण बोटीचं काम पडतं. रिसोड तालुक्यात पैनगंगा पावसाळ्यात फुगते, कारंजा तालुक्यात अडाण धरण आहे, वाशिम शहराजवळ एकबुर्जी जलाशय. एका ठिकाणचं काम संपलं की बोट रस्त्याने पुढे न्यावी लागते. हलकी रबरी बोट चार-सहा जण उचलून ठेवतात. इंजिन लावलेली फायबरची बोट मात्र पाण्यातूनच ट्रेलरवर ओढावी लागते, आणि खरी अडचण तिथे येते.

बहुतेकांची चूक एकच असते: ट्रेलर पाण्यात फार खोल नेणं. बोट सहज आत येते खरी, पण ती ट्रेलरवर टेकलेलीच नसते, नुसती तरंगत असते. वारा किंवा प्रवाह तिला बाजूला सरकवतो आणि गाडी वर आली की ती तशीच तिरकी बसते. उलट ट्रेलर फारच उथळ पाण्यात असेल, तर सगळं वजन विंचने ओढावं लागतं. आधाराच्या लांब फळ्यांची पुढची टोकं पाण्याबाहेर दिसतील, इतपतच ट्रेलर आत न्यावा. मग बोटीचा पुढचा भाग फळ्यांवर टेकतो आणि मागचा तरंगत राहतो, त्यामुळे तो हाताने सरळ करता येतो.

आपल्याकडे आणखी एक भानगड आहे, काठाची. तलावांवर सगळीकडे काँक्रीटचा उतार नसतो. ओल्या काळ्या मातीत एक चाक रुतलं की ट्रेलर कलतो आणि बोट खालच्या बाजूला घसरते. अशा वेळी कितीही ढकललं तरी उपयोग नाही, आधी जागा बदलावी. मुरमाड, सपाट काठ मिळाला तर उत्तम.

विंचचा पट्टा बोटीच्या पुढच्या कडीत अडकवून ताणला, की इंजिन वर उचलून गाडी अगदी हळू पुढे घ्यायची. बोटीचा मागचा भाग टेकताच थांबायचं आणि मागून बघायचं: दोन्ही बाजूंचं अंतर सारखं आहे का? नसेल तर ट्रेलर पुन्हा पाण्यात. कोरड्यावर ढकलून बोट सरळ होत नाही, तळ मात्र घासतो.

पुढे-मागेही तोल लागतो. बैलगाडी मागे जड झाली की उलाळते, जू वर उचललं जातं, ट्रेलरचंही तसंच. साधारणपणे एकूण वजनाच्या ५ ते १० टक्के भार हुकावर हवा. तो कमी पडला तर वेगात ट्रेलर डावी-उजवीकडे हेलकावे घेतो आणि ओढणारी जीपही ताब्यात राहत नाही.

बोटीत साचलेलं पाणी विसरू नये. १०० लिटर म्हणजे १०० किलो, तेही हलणारं. निघण्याआधी मागचं बूच काढून ते वाहू द्यावं, मगच मागचे पट्टे आवळावेत. बूच पुन्हा बसवायचं राहिलं, तर पुढच्या गावी बोट पाण्यात उतरताच भरू लागेल.