पंख्याची पाती आणि विजेचं बिल

संस्थांच्या पैशाचा विषय निघाला की आमच्या भागात कुणीतरी फैजपूरचा दाखला देतोच. १९३६ च्या डिसेंबरात काँग्रेसचं पन्नासावं अधिवेशन इथे भरलं. खेड्यात भरलेलं ते पहिलंच. अध्यक्ष जवाहरलाल नेहरू, गावाकडून धनाजी नाना चौधरी राबत होते आणि बांबू-चटयांचं नगर सजवायला शांतिनिकेतनातून नंदलाल बोस आले होते. हे सांगून झालं की पुढचा प्रश्न येतो, ‘तेव्हा कोणी अनुदान दिलं होतं?’ आणि लगेच निकाल: खरी संस्था वर्गणीवर जगते, अनुदान ही तिला लागलेली कीड.

हा पूर्वपक्ष हलका नाही. त्याच्या पाठीशी खुद्द गांधीजी आहेत. कायमच्या निधीवर चालणारी सार्वजनिक संस्था लोकांना विचारेनाशी होते, असं त्यांनी आत्मकथेत दक्षिण आफ्रिकेतल्या नाताळ इंडियन काँग्रेसच्या अनुभवावरून मांडलं आहे. दुसरा पुरावा साताऱ्याचा. १९४८ मध्ये सरकारने रयत शिक्षण संस्थेचं अनुदान थांबवलं, तेव्हा कर्मवीर भाऊराव पाटलांच्या मागे लोक उभे राहिले. एवढे भक्कम साक्षीदार असताना कोण उलट बोलणार?

पण साक्षीदारांची उलटतपासणी करायला हरकत नाही.

फैजपूरच्याच मैदानापासून सुरुवात करू. तिथे खादी-ग्रामोद्योगाचं प्रदर्शन होतं. ती खादी उभी कशी राहिली? १९२१ मध्ये टिळक स्वराज्य फंडात देशभरातून एक कोटी रुपये जमवले गेले. त्यातला मोठा वाटा खादीच्या कामाकडे गेला. १९२५ मध्ये चरखा संघ निघाला, त्याने आधीच्या खादी मंडळाचं भांडवल ताब्यात घेतलं आणि ठिकठिकाणच्या केंद्रांना कापूस, पैसा, माणसं पुरवली. एके ठिकाणी गोळा करायचं आणि काम पाहून दुसरीकडे द्यायचं, याला अनुदानच म्हणतात. म्हणजे वर्गणी आणि अनुदान या दोन वेगळ्या जाती नाहीत. वर्गणी दारातून येते आणि अनुदान जरा लांबून फिरून येतं, एवढाच फरक. आणि गांधीजींचा आक्षेप व्याजावर बसून खाणाऱ्या गंगाजळीला होता. दरवर्षी हिशेब दाखवून मागाव्या लागणाऱ्या पैशाला तो लावणं म्हणजे त्यांच्याच तर्काला उलटं टांगणं.

दुसरं, अधिवेशन हा सोहळा होता. सोहळ्याला वर्गणी मिळतेच, आजही मिळते. केळीला भाव असेल तर मंडपाचे पैसे एका संध्याकाळी जमतात. अडचण मंडप उतरल्यावर सुरू होते. यावल तालुक्यातल्या एका वाचनालयात मी बरीच वर्षं जातो-येतो. तिथे छताला चार पंखे आहेत आणि प्रत्येक पात्यावर लाल रंगात दात्याचं नाव, ‘यांच्या स्मरणार्थ’ असं. पंखा फिरत असला की नाव वाचता येत नाही. थांबला की येतं, आणि तो बऱ्याचदा थांबलेला असतो, कारण बिल भरायला पैसे नसतात. विजेचं बिल कुणाच्या स्मरणार्थ भरता येत नाही ना! ग्रंथपाल, तपासनिसाची फी, कपाटाला लागणारी वाळवीची फवारणी, यांच्या कोनशिला कधी कुणी बसवल्या आहेत? धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळात गेलात तर जुन्या दप्तरांच्या बाबतीतही हेच दिसेल. कागद जपण्याचं काम मिरवायला काढता येत नाही, त्यामुळे त्याला मंडपाच्या हिशेबाने पैसा मिळत नाही. १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्याखाली ‘अ’पासून ‘ड’पर्यंत वर्ग पाडून अनुदान दिलं जातं, म्हणून गावोगावची असली वाचनालयं उघडी तरी आहेत. अनुदान तुटपुंजं आहे, ही तक्रार खरी. पण ते नसतं तर पाट्या राहिल्या असत्या, पुस्तकं नव्हे.

आणि वर्गणी स्वतंत्र ठेवते, हा भाबडेपणा कुणी पसरवला? मोठा आकडा देणारा गृहस्थ कार्यकारिणीत बसतो, त्याच्या भावकीतला शिपाई लागतो आणि समाज-समाजाच्या वर्गण्यांतून समाज-समाजाचीच वसतिगृहं उभी राहतात. एकट्या आश्रयदात्याची ताकद पाहायची तर अमळनेरला जावं. गिरणीमालक प्रतापशेठजींनी १९१६ मध्ये तत्त्वज्ञान मंदिर काढलं, त्यात देशभरचे अभ्यासक राहून गेले. पण मागे गिरणी आणि शेठ असेपर्यंत जी संस्था भरभराटीत असते, तिला पुढे कुणाची तरी ओटी शोधावी लागतेच.

‘रयत’च्या गोष्टीचाही शेवट सांगितला जात नाही. अनुदान पुढे पुन्हा सुरू झालं आणि संस्थेने ते घेतलं. एक पाय अडकला तेव्हा दुसऱ्यावर उभं राहता आलं, हा त्या प्रसंगाचा अर्थ. म्हणून एक पाय कापून टाकावा, असा अर्थ त्यातून निघत नाही.

पूर्वपक्षाचं एक मात्र मान्य: आजचं अनुदान वाईट बेतलेलं आहे. २०१३ च्या कंपनी कायद्यातलं १३५ वं कलम मोठ्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे दोन टक्के समाजकार्याला लावायला सांगतं आणि आपल्या आसपासच्या भागाला प्राधान्य द्या म्हणतं. ज्या गावाच्या आसपास कारखानाच नाही, त्याने काय करायचं? परदेशी देणग्यांचा कायदा २०२० मध्ये बदलला. मोठ्या संस्थेने घेतलेला पैसा छोटीला देण्यावर बंदी आली आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० वरून २० टक्क्यांवर आली. पैसा गाळत गाळत खाली यायची जी वाट होती, तीच बुजली. वर सगळ्यांना हवा असतो ‘प्रकल्प’: वर्षभराचा, फोटो निघतील असा. म्हणजे दात्याची हौस तीच, फक्त पात्याच्या जागी फलक आला.

माझं मागणं अगदी रुक्ष आहे. तीन वर्षांचं, लहान रकमेचं आणि पगार-भाडं-बिलावर खर्च करायची मोकळीक असलेलं अनुदान. वाटणाऱ्या समितीत तालुक्यातली माणसं असावीत, हिशेब ग्रामसभेत वाचला जावा. वर्गणीही चालू राहू दे, म्हणजे गांधीजींचा धाकही टिकेल.

गेल्या उन्हाळ्यात त्या वाचनालयाला आणखी एक पंखा मिळाला, पाचवा. नाव रंगवूनच आला होता. छताला हूक नव्हता, म्हणून तो कपाटावर ठेवला आहे.