ओकहॅमची केबिन आणि आपली केबिन

"इतिहासावर काहीतरी लिही," असं स्मरणिकेच्या संपादक मंडळाने सांगितलं, तेव्हा त्यांच्या मनात शाळेचा इतिहास असणार. तो लिहायला माझ्याहून जाणकार मंडळी आपल्यात आहेत. मी लिहितो आहे ते रेल्वेच्या छोट्या प्रतिकृतींमधल्या इमारतींवर, आणि त्या जोडताना माणूस कसा मेटाकुटीला येतो त्यावर. आपल्या वर्गाचा याच्याशी संबंध आहे.

आठवीत माझ्या बाकावर बसणाऱ्या मित्राचे वडील स्टेशनच्या सिग्नल केबिनमध्ये होते, हे तुम्हाला आठवत असेल. त्याचा मामा बोटीवर होता. 1974 च्या दिवाळीत त्याने भाच्यासाठी एअरफिक्सचं सिग्नल केबिनचं किट आणलं. आम्ही दोघांनी ते एका दुपारी जोडायला घेतलं आणि संध्याकाळपर्यंत त्याची वाट लावली. प्लॅस्टिक जोडायचा तो चिकटद्रव प्लॅस्टिक विरघळवूनच सांधा धरतो, हे आम्हाला कुठे ठाऊक होतं? आम्ही तो फेविकॉलसारखा सढळ हाताने लावला. खिडकीच्या काचेवर माझ्या अंगठ्याचा ठसा कायमचा उमटला. मित्र दोन दिवस बोलला नाही.

अशी किटं तेव्हा फार जुनी नव्हती. आधीच्या पिढीतले हौशी लोक पुठ्ठा, लाकूड आणि कागद कापून घरं करत. जर्मनीत ब्लॅक फॉरेस्टमधल्या ग्युटेनबाख गावात हेरमान आणि एडविन फालर या भावांनी 1946 मध्ये कारखाना काढला आणि छोट्या घरांचा मोठा धंदा उभा केला. ब्रिटनमध्ये एअरफिक्सने 1950 च्या दशकाच्या उत्तरार्धात रेल्वेकाठच्या इमारती प्लॅस्टिकमध्ये आणल्या. आमची ती केबिन रटलंड परगण्यातल्या ओकहॅम स्टेशनच्या खऱ्या केबिनवरून केलेली होती, हे मला कित्येक वर्षांनी कळलं. ती खरी केबिन अजून उभी आहे.

या छंदातली निम्मी डोकेदुखी मोजमापांची. युरोप-अमेरिकेत 'एचओ' म्हणजे 1:87. ब्रिटनच्या गाड्या मुळात अरुंद, त्यांच्या छोट्या इंजिनात तेव्हाची मोटर बसेना. म्हणून ब्रिटिशांनी रूळ तेच, 16.5 मिलिमीटरचे ठेवले आणि वरची गाडी मात्र 1:76 ची केली. परिणामी त्यांच्या गाड्या हिशेबाने चार फूट दीड इंच रुंदीच्या रुळांवर धावतात, जे रूळ तिथे खऱ्या मार्गावर नाहीत! जर्मन घराशेजारी ब्रिटिश केबिन ठेवली, की साडेसहा फुटांचं दार एकीकडे 23 मिलिमीटरचं आणि दुसरीकडे 26 चं. तीन मिलिमीटर म्हणजे काही नाही असं वाटतं, पण डोळ्याला खुपतं. आपल्या ब्रॉडगेजचं तर विचारूच नका. 1:76 ने ते 22 मिलिमीटर येतं आणि बाजारात रूळ 16.5 चे. पुण्यात भाऊ जोशींनी 1998 मध्ये लघुरेल्वेचं संग्रहालय उघडलं, ते पाहताना या सगळ्या आकड्यांमागची मेहनत मला प्रथम जाणवली.

अमेरिकेत गोष्ट आणखी अवघड वळणावर गेली. मॉन्टेरेचे जॉन ॲलन यांनी नवी कोरी दिसणारी घरं मोडीत काढून गंजलेले पत्रे, काजळलेल्या भिंती, कललेली छपरं आणली. 1973 च्या जानेवारीत ते वारले आणि काही दिवसांतच त्यांची बहुतेक रेल्वे आगीत गेली. त्यांना गुरुस्थानी मानणारे जॉर्ज सेलिओस यांनी 1967 मध्ये मॅसॅच्युसेट्समध्ये 'फाइन स्केल मिनिएचर्स' सुरू केलं. या पंथाच्या किटचा खोका उघडला की आत इमारत नसतेच. असतात लाकडाच्या काड्या, धातूचे बारीक ओतीव नग, नकाशे आणि सूचनांचं बाड. प्रत्येक काडी आपण मोजून कापायची, रंगवायची, आणि फळीवर खिळ्यांची भोकंसुद्धा सुईने पाडायची.

निवृत्तीनंतर मी असंच एक किट मागवलं, ऐन पावसाळ्यात. फळ्यांना एका बाजूने पाण्याचा रंग दिला, सकाळी त्या पापडासारख्या वळल्या होत्या. रंग दोन्ही बाजूंनी द्यायचा असतो. छपराच्या कागदी पट्ट्यांना मागून डिंक होता, त्या दमट हवेने एकमेकींनाच चिकटल्या. घाईने खिडकीला झटपट चिकटणारा गोंद लावला, तर त्याच्या वाफेने काच पांढुरकी झाली. हिने विचारलं, "यात आनंद कुठे आहे?" मला उत्तर सुचलं नाही.

हे सगळं का, तर आपल्या स्टेशनची केबिन पाडली आहे. मित्रही तीन वर्षांपूर्वी गेला. त्याच्या मुलीने ते 1974 चं वाकडं किट मला आणून दिलं, अंगठ्याच्या ठशासकट. आपल्या केबिनचं किट जगात कुणी काढलेलं नाही, म्हणून मी ती काड्यांपासून बांधतो आहे. तीन बाजू झाल्या. जिन्याची, म्हणजे नदीकडची बाजू अडली आहे. पायऱ्या अकरा होत्या की तेरा, यावर तीन वर्गमित्रांनी मला तीन आकडे सांगितले. सहलीच्या, लग्नाच्या, कुठल्याही जुन्या फोटोत मागे ती बाजू दिसत असेल, तर स्नेहसंमेलनाला येताना तो फोटो घेऊन या.