दुर्बीण शस्त्रक्रिया : यकृत, पित्तमार्ग व स्वादुपिंड

पोटावर मोठा छेद न घेता, ५ ते १२ मिमी.च्या छिद्रांतून कॅमेरा व लांब दांड्याची उपकरणे आत घालून केल्या जाणाऱ्या शस्त्रक्रिया. पोटात कार्बन डाय-ऑक्साइड वायू साधारणपणे १२ ते १५ मिमी. पाऱ्याच्या दाबाने भरतात. त्यामुळे पोटाची भिंत वर उचलली जाऊन जागा मिळते. वेदना व जखमेतील जंतुसंसर्ग कमी होतो आणि रुग्ण लवकर हिंडूफिरू लागतो.

पित्ताशय : पोट उघडून पित्ताशय काढण्याची पहिली शस्त्रक्रिया कार्ल लांगेनबुख यांनी १८८२ मध्ये बर्लिन येथे केली. दुर्बिणीने ते प्रथम काढले एरिश म्यूहे यांनी, जर्मनीतील ब्यॉब्लिंगेन येथे १९८५ मध्ये. मात्र याचे श्रेय दीर्घकाळ फ्रान्समधील फिलिप मूरे (१९८७) यांना दिले जाई. मुंबईचे तेहेम्टन उदवाडिया १९७२ पासून निदानासाठी दुर्बीण वापरत होते. १९९० मध्ये जे. जे. रुग्णालयात त्यांनी भारतातील अशी पहिली पित्ताशय शस्त्रक्रिया केली. त्रासदायक पित्तखड्यांवर आज हीच प्रमाण पद्धत आहे.

मुख्य पित्तनलिकेलाच पित्ताशयनलिका समजून कापणे, हा यातील सर्वांत गंभीर अपघात. तो टाळण्यासाठी शल्यचिकित्सक स्ट्रासबर्ग यांनी १९९५ मध्ये मांडलेला दंडक असा : पित्ताशय, यकृत व पित्तनलिका यांमधील त्रिकोण चरबी व तंतूंपासून मोकळा करावा, पित्ताशयाचा खालचा एक-तृतीयांश भाग यकृतापासून सुटा करावा, पित्ताशयात शिरणाऱ्या दोनच रचना दिसल्याखेरीज काहीही कापू नये. दाहामुळे हे शक्य नसेल, तर पित्ताशय अंशतः काढणे किंवा पोट उघडणे हाच योग्य निर्णय होय. ते अपयश मानू नये.

पित्तनलिका : नलिकेतील खडे बहुधा तोंडावाटे घातलेल्या एंडोस्कोपने काढतात.

यकृत : रक्तस्रावाच्या धोक्यामुळे ही पद्धत येथे सावकाश रुजली. डाव्या कडेचे खंड व पृष्ठभागालगतच्या गाठी काढणे तुलनेने सुकर असते. मोठ्या आतड्याच्या कर्करोगातून यकृतात पसरलेल्या गाठींवरील नॉर्वेतील चाचणीत (२०१८) गुंतागुंतीचे प्रमाण उघड्या शस्त्रक्रियेत ३१ टक्के, तर दुर्बिणीने १९ टक्के आढळले.

स्वादुपिंड : शेपटीकडील भाग दुर्बिणीने काढणे रूढ झाले आहे. डोक्याकडील भागाच्या व्हिपल शस्त्रक्रियेबाबत मतभेद आहेत. तीत स्वादुपिंड, पित्तनलिका व जठर आतड्याला पुन्हा जोडावे लागतात. कोईमतूर येथील चाचणीत (२०१७) दुर्बिणीच्या रुग्णांचा रुग्णालयातील मुक्काम कमी झाला. नेदरलँड्समधील चाचणी (२०१९) मात्र मुदतीपूर्वी थांबवावी लागली : गुंतागुंतीमुळे दुर्बिणीच्या गटात ५० पैकी ५, तर उघड्या गटात ४९ पैकी १ रुग्ण दगावला. त्यामुळे ही शस्त्रक्रिया पुरेसा सराव असलेल्या केंद्रांतच व्हावी.

रोबॉटिक पद्धत : उपकरणांची टोके मनगटासारखी वळत असल्याने टाके घालणे सुलभ होते, खर्च अधिक.