पिना वाकेपर्यंतचे पाच तास

दुपारी ४:४५
घाटंजी. बाजार समितीत कापूस विकला आणि वर्षभराच्या हट्टापायी त्यातले काही पैसे भाच्याच्या हाती आले. नागपूरच्या सीताबर्डीतून सुटे भाग आणून त्याने समोरच्या खोलीत सतरंजीवर कॉम्प्युटर जोडला. राइझन ७६०० प्रोसेसर, त्याला चालणारा एएम-५ सॉकेटचा बोर्ड, १६ जीबीच्या दोन डीडीआर-५ रॅम. वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही; चित्र दाखवण्यापुरती सोय या प्रोसेसरच्या पोटातच असते. बटण दाबलं. पंखे फिरले, मॉनिटर काळा.

५:२०
बोर्डाच्या कडेला चार बारीक दिवे होते: प्रोसेसर, रॅम, चित्र, डिस्क. गाडी जिथे अडते तिथला दिवा लागून राहतो. इथे प्रोसेसरचा लाल दिवा होता. शोधल्यावर कळलं, प्रोसेसरला वीज देणारी आठ टोकांची वेगळी वायर कॅबिनेटच्या मागेच लोंबत राहिली होती. ती लावली. पोरगा खूश झाला. पुढच्या अनर्थाचं मूळ मला या यशातच दिसतं. एक चूक हुडकून काढली म्हटल्यावर आता काळ्या पडद्यामागे दरवेळी एखादी चूक दडलेली असणारच, असं सगळ्यांनी धरून चाललं.

५:३०
लाल दिवा गेला, रॅमचा पिवळा लागला आणि हलेना. मिनिटभर वाट पाहून भाच्याने बटण दाबून धरलं आणि मशीन बंद केली.

खरं तर मशीन तेव्हा काम करत होती. नव्या बोर्डावर डीडीआर-५ पहिल्यांदा सुरू होते तेव्हा प्रोसेसर तिच्याकडे जाणाऱ्या एकेका तारेवर तपासत बसतो: सिग्नल किंचित आधी पाठवला तर नीट वाचला जातो की किंचित नंतर? याला ट्रेनिंग म्हणतात. एएम-५वर पहिल्या खेपेला त्यात काही मिनिटं सहज जातात. तेवढा वेळ पंखे फिरत राहतात, पिवळा दिवा जळत राहतो, पडदा काळा राहतो. बाहेरून बघणाऱ्याला मेलेली मशीन आणि शिकणारी मशीन अगदी सारखीच दिसते. एकदा जमलं की ते आकडे साठवले जातात आणि पुढच्या वेळी काम झटपट होतं. मध्येच वीज तोडली तर मात्र पुन्हा पहिल्यापासून.

६:१५
रॅम काढून पुसली, परत बसवली. मग एकच ठेवली. मग दुसरी. मग खाच बदलली. अशा प्रत्येक बदलानंतर ट्रेनिंग नव्याने सुरू होतं, आणि प्रत्येक वेळी बटणावर बोट तयारच होतं.

भाऊजी दारातून म्हणाले, "एवढ्या पैशात टीव्ही आला असता ना बे. अन् लागला बी असता."

१९८१ साली आयबीएमचा पहिला पीसी आला तेव्हा सुरुवातीची तपासणी नीट पार पडली की तो एकदा 'पीं' करायचा. आताच्या बोर्डांसोबत तो दमडीचा स्पीकर बहुधा येतच नाही. दिवे चार दिले, आवाज काढून घेतला.

७:२०
बहिणीने चहा आणला आणि सगळे उठले. मशीन चालूच राहिली; संध्याकाळपासून पहिल्यांदाच तिला कोणी हात लावत नव्हतं. तेवढ्यात लाइट गेली. घरात इन्व्हर्टर आहे, पण त्यावर दिवे आणि पंखे. त्या खोलीतला मोठा सॉकेट त्यावर नाही.

८:३०
लाइट आली. सोबत भाच्याचा मित्रही आला. मोबाइल दुरुस्त करतो, जुने पीसी डोळे झाकून उघडतो. त्याने बोर्डावरची नाण्याएवढी बॅटरी काढली, थोड्या वेळाने लावली. बायोसमधली सेटिंग कोरी झाली. पिवळा दिवा.

"बोर्डात नाही बे, प्रोसेसरच नीट बसला नसन," तो म्हणाला.

"काढू का मामाजी?" भाच्याने मला विचारलं, पण स्क्रूड्रायव्हर मित्राच्या हातात आधीच होता.

९:२५
मित्राचा हात जुन्या एएम-४वर बसलेला. त्यात पिना प्रोसेसरच्या पोटाला असायच्या, १३३१. एखादी वाकली तर ब्लेडच्या पात्याने सरळ करता यायची. सप्टेंबर २०२२मध्ये राइझन ७००० मालिकेसोबत एएम-५ आलं आणि पिना खाली बोर्डाच्या सॉकेटमध्ये गेल्या. १७१८ पिना, केसासारख्या बारीक, मुळातच तिरप्या दुमडलेल्या. प्रोसेसरच्या पोटाला आता नुसते सपाट सोनेरी ठिपके. म्हणजे जपायची जागाच बदलली.

९:४५
कूलर निघाला. दांडी वर झाली. बोटाला पेस्ट लागलेली, उजेड मोबाइलच्या टॉर्चचा. प्रोसेसर कडेने उचलला आणि निसटला. एक कोपरा सॉकेटमध्ये टेकला.

तिरप्या उजेडात पिनांच्या रांगा एकसारख्या चमकतात. एका कोपऱ्यात ती चमक तुटली होती. आईच्या डब्यातली सुई आणून भाच्याने एक पिन उभी करायला घेतली, तर शेजारची आडवी झाली. तेव्हा मी सुई काढून घेतली.

दुसऱ्या दिवशी
यवतमाळवरून नागपूर, एसटीने. वाकलेल्या पिना पाहिल्यावर दुकानदाराने वॉरंटीचा कागद न उघडताच परत केला. तोच प्रोसेसर आणि त्याच दोन्ही रॅम त्याने दुसऱ्या बोर्डावर चढवल्या, बटण दाबलं आणि पिवळ्या दिव्याकडे न बघता दुसऱ्या गिऱ्हाइकाचं बिल करायला घेतलं. बिल पुरं होऊन सुट्टे पैसे शोधेपर्यंत पडद्यावर बायोस आलं होतं.

नव्या बोर्डाचे पैसे पुढच्या वेच्यातून द्यायचे ठरलं.