सरळ नळी, फाटे फुटणारी रोहिणी

हृदयाचे कप्पे सतत रक्ताने भरलेले असतात, पण हृदयाच्या स्नायूला त्या रक्ताचा थेट उपयोग जवळजवळ होत नाही. त्याच्यासाठी महारोहिणीच्या उगमापाशीच दोन स्वतंत्र रोहिण्या निघतात. त्यांना परिहृद रोहिण्या म्हणतात. डॉक्टरांच्या बोलण्यातली करोनरी आर्टरी ती हीच. डावी रोहिणी थोडे अंतर जाऊन दुभंगते. एक फाटा हृदयाच्या पुढच्या अंगाने खाली उतरतो, दुसरा वळसा घालून मागे जातो. मुख्य फांद्यांचा आतला व्यास तीन-चार मिलिमीटर असतो आणि दर फाट्यागणिक तो कमी होत जातो. फळ्यावर आकृती काढताना आपण मात्र सगळ्या फांद्या सारख्याच जाडीच्या काढतो.

१६ सप्टेंबर १९७७ रोजी झुरिकमध्ये अँड्रियास ग्रुंट्झिग यांनी जांघेतल्या रोहिणीतून एक बारीक नळी हृदयापर्यंत नेली आणि तिच्या टोकावरचा फुगा फुगवून रोहिणीची अरुंद झालेली जागा रुंद केली. पण फुगा काढून घेतल्यावर काही रुग्णांत भिंतीचे फाटलेले अस्तर आत लोंबून रोहिणी बंद पडे. काहींत ती काही महिन्यांनी पुन्हा अरुंद होई. मग भिंतीला आतून आधार देण्याची कल्पना पुढे आली. १९८६ मध्ये फ्रान्समधल्या तुलूझ येथे झाक प्युएल यांनी आणि स्वित्झर्लंडमधल्या लोझान येथे उलरिश सिगवार्ट यांनी पोलादी तारांची जाळीदार नळी माणसाच्या परिहृद रोहिणीत बसवली. हाच स्टेंट. (हे नाव चार्ल्स स्टेंट या इंग्लिश दंतवैद्याचे. दातांचे ठसे घेण्यासाठी त्याने एकोणिसाव्या शतकात एक मिश्रण बनवले होते. हृदयाशी त्याचा काडीचाही संबंध नव्हता!)

१९९१ मध्ये सेरॉइस आणि सहकाऱ्यांनी अशा १०५ रुग्णांचा आढावा प्रसिद्ध केला. त्यांतल्या २५ जणांचे स्टेंट पूर्ण बंद झाले होते, आणि बहुतेक पहिल्या पंधरवड्यातच. रोहिणी उघडी राहावी म्हणून बसवलेली वस्तूच चारांतल्या एकाच्या रोहिणीत गुठळीने बुजत होती. दोष धातूवर आला. रक्ताला परक्या धातूचा स्पर्श होतो म्हणून गुठळी होते, असे धरून रुग्णांना हेपॅरिन, वॉरफॅरिन आणि ॲस्पिरिन एकत्र देण्यात येऊ लागले. त्याने रक्तस्राव वाढले, रुग्णालयातला मुक्काम लांबला आणि गुठळ्या काही पुरत्या थांबल्या नाहीत.

खरी अडचण दिसत नव्हती, कारण पाहण्याचे साधन अपुरे होते. अँजिओग्राफीत क्ष-किरणांना अडवणारे द्रव्य रोहिणीत सोडतात आणि तिची सावली पाहतात. स्टेंट भिंतीला टेकलेला नसला, तरी हे द्रव्य जाळीतून पलीकडे जाते आणि सावलीची कड गुळगुळीतच दिसते. मिलानमध्ये अँटोनिओ कोलोंबो यांनी श्राव्यातीत ध्वनी सोडणारी बारीक नळी स्टेंटच्या आत घालून पाहिले. सावलीत उत्तम दिसणारे कितीतरी स्टेंट प्रत्यक्षात अर्धवट उघडलेले होते. तार आणि भिंत यांच्यामधल्या फटीत रक्त रेंगाळते, आणि रेंगाळणारे रक्त गोठते. त्यांनी जास्त दाबाच्या फुग्याने स्टेंट पुरते उघडले आणि ती जालीम औषधे वगळली. त्यांच्या १९९५ च्या निबंधात गुठळीचे प्रमाण शेकडा दोनच्याही खाली आले होते. आमच्या मते या साऱ्या कथेतला सर्वांत मोलाचा प्रयोग हाच.

स्टेंट पुरता उघडायचा, तर किती? अमेरिकन शरीरक्रियाशास्त्रज्ञ सेसिल मरे यांनी १९२६ मध्ये मांडलेला नियम इथे उपयोगी पडतो. मूळ वाहिनीच्या व्यासाचा घन हा तिच्या फांद्यांच्या व्यासांच्या घनांच्या बेरजेइतका असतो. रोहिण्या हा नियम ढोबळमानाने पाळतात. दोन्ही फांद्या ३ मिलिमीटरच्या असतील, तर २७ अधिक २७ म्हणजे ५४, आणि त्याचे घनमूळ सुमारे ३.८. म्हणजे फाट्यावरून जाणारी एकाच व्यासाची नळी वर बरोबर बसली तर खाली भिंत फाडते, आणि खाली बरोबर बसली तर वर सैल राहते. हे गणित नववीच्या वर्गातही करून घेता येईल. यावरचा उपाय असा, की स्टेंट खालच्या व्यासाला बेतून बसवायचा आणि वरचा भाग मोठ्या फुग्याने पुन्हा फुगवायचा. शिवाय रोहिणीतला चरबीचा थरही नेमका फाट्याजवळच, जिथे प्रवाह मंदावतो त्या बाहेरच्या भिंतींवर, साचतो. त्यामुळे अवघड जागा टाळताही येत नाही.

१९९९ मध्ये ब्राझीलमध्ये साओ पावलो येथे औषधाचा लेप दिलेले स्टेंट प्रथम बसवण्यात आले. या औषधाने स्टेंटच्या आत होणारी पेशींची फाजील वाढ रोखली, पण तारांवर नवे अस्तर येणेही लांबले. २००६ च्या सुमारास, स्टेंट बसवून वर्ष उलटल्यावरही गुठळ्या होतात यावर मोठी चर्चा झाली. शवविच्छेदनांत आढळले, की उघड्या राहिलेल्या तारा फाट्याच्या मधल्या धारेवर जास्त होत्या. तिथे प्रवाह सर्वांत वेगवान असतो आणि अस्तर धरायला सर्वांत उशीर लागतो. स्टेंट बसवलेल्या माणसाने रक्त पातळ ठेवणाऱ्या दोन गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करायच्या नसतात, त्या या उघड्या तारांमुळे.